गुडघ्याची दुसरी शस्त्रक्रिया आणि जिवंत ठिगळ

आमच्या सोलापुरात चादर विरली तर तिला ठिगळ लावतात. कापड कोठूनही आणले तरी चालते. शरीराला लावायचे ठिगळ मात्र जिवंत राहावे लागते आणि त्यासाठी त्याला रक्त मिळावे लागते. कृत्रिम गुडघा पुन्हा बदलताना हीच गोष्ट निर्णायक ठरते.

परदेशांतील दीर्घकालीन नोंदींनुसार दर पाच कृत्रिम गुडघ्यांपैकी सुमारे चार २५ वर्षे टिकतात. उरलेले सैल होतात, झिजतात किंवा त्यांत जंतुसंसर्ग होतो. अशा वेळी सांधा नवा बसवता येतो, पण त्यावरची त्वचा जुनीच असते.

आपल्या गुडघ्यावर पुढून हात ठेवून पाहा. त्वचेखाली लगेच हाड लागते. मध्ये स्नायूंची गादी नाही. येथील त्वचेला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या बहुतांशी आतल्या बाजूने येतात. पहिल्या शस्त्रक्रियेत त्यांपैकी काही तुटतात. दुसरा छेद जुन्या व्रणाजवळ समांतर घेतला, तर मधली पट्टी रक्ताविना काळी पडून मरू शकते. म्हणून शक्यतो जुन्याच व्रणावरून छेद घेतात.

त्वचा मेली की धातू उघडा पडतो. त्यावर जिवाणू चिकट थर करून राहतात आणि रक्तातून येणारे औषध तेथे पुरेसे पोचत नाही. मांडीची पातळ त्वचा थेट धातूवर लावली तर तीही जगत नाही, कारण तिला खालून पोसणारे काही नसते.

यावरील उपायामागचे तत्त्व जुने आहे. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या त्वचेचे नाक करून दिले होते. ती त्वचा खाली वळवताना तिचा देठ भुवयांमध्ये जोडलेलाच ठेवला होता.

गुडघ्यासाठी पोटरीच्या स्नायूचा आतला भाग वापरतात. त्याला गुडघ्यामागच्या रोहिणीची स्वतंत्र शाखा मिळते. ती न तोडता स्नायूचे खालचे टोक सोडवून तो पुढे वळवतात व त्यावर पातळ त्वचा लावतात.

यात धोके आहेतच. ती शाखा पिळली किंवा दाबली गेली तर स्नायू मरतो. गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंत तो सहसा पोचत नाही. चवड्यावर उभे राहण्याचा जोर काहीसा कमी होऊ शकतो. बाहेरचा भाग वापरताना जवळचा चेतातंतू दुखावला तर पाऊल लोंबते. वाटीखालचा कंडरा तुटला असल्यास दात्याचा कंडरा किंवा कृत्रिम जाळी बसवतात. ती सैलावली तर गुडघा पूर्ण ताठ होत नाही. सारे उपाय फसले तर सांधा कायमचा ताठ करावा लागतो, क्वचित पाय कापावा लागतो.

मधुमेह आणि तंबाखू हे धोके वाढवतात. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. विडी असो वा मशेरी, निकोटीन रक्तात उतरतेच. सोलापूरसारख्या विडी उद्योगाच्या शहरात हे घरोघर सांगायला हवे. जखम काही दिवसांनंतरही पाझरत राहिली किंवा तिच्या कडा काळवंडल्या, तर घरातल्या उरलेल्या गोळ्या घेत बसू नये. लगेच शल्यचिकित्सकाला दाखवावे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. बोटाचे नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरे पडलेले नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. शस्त्रक्रियेनंतर परिचारिका ठिगळाचा रंग वारंवार का पाहतात, हे विद्यार्थ्यांना यावरून समजेल.