बाजूला पाहणारी दुर्बीण

कावीळ 'उतरवून' देणारी माणसं वसई-विरार पट्ट्यात आजही सापडतात. कुणी गळ्यात काड्यांची माळ घालतं. ती दिवसागणिक लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. कुणी हात चुन्याच्या पाण्यात धुऊन पिवळं झालेलं पाणी दाखवतं. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. पाणी पिवळं होतं ते हाताला आधी चोळलेल्या झाडाच्या सालीच्या रसामुळे. पण माणूस बरा होतो, हेही खोटं नाही. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ए किंवा ई ही कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप सोडून जाते. (गरोदर बाईला ई झाला तर मात्र जिवावर बेतू शकतं, तिथे माळेची वाट पाहू नये.) सूर्या, उसगाव आणि पेल्हारचं पाणी येऊनही टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या या शहरात अशी कावीळ कुणाला ना कुणाला होतच असते. श्रेय माळेला मिळतं.

दुसऱ्या जातीच्या काविळीपुढे माळेचं काही चालत नाही. यकृत ठीक असतं, पित्तही बनत असतं, पण ते आतड्यात उतरायची नळी बंद झालेली असते. लघवी गडद होते, शौच मातकट-पांढरट, अंगाला इतकी खाज सुटते की रात्रभर झोप नाही. नळीत पित्ताशयातला खडा अडकला असेल तर बरगडीखाली कळ येते, हुडहुडी भरून ताप चढतो. काहीच दुखत नसेल, वजन उतरत असेल आणि पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला असेल, तर डॉक्टर गंभीर होतात. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असण्याची शक्यता त्यांच्या मनात येते. माळ घालायची तर घाला बापडे, पण त्याच दिवशी सोनोग्राफीही करून घ्या.

वसई, नालासोपारा, विरार, कुठल्याही स्टेशनाबाहेर सोनोग्राफी होते. एरवी पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटरची. ती फुगलेली दिसली की खाली अडथळा आहे हे कळतं. पण नळीचं अगदी खालचं टोक आतड्यातल्या वायूआड लपतं. तिथून पुढे एमआरसीपी, म्हणजे एमआरआयने काढलेलं या नळ्यांचं चित्र, आणि मग ज्या यंत्राविषयी हा लेख आहे ते: ईआरसीपीची दुर्बीण.

वरकरणी ही नेहमीच्या एंडोस्कोपीच्या दुर्बिणीसारखीच, काळी, लवचीक, सव्वा मीटरच्या आसपास लांब. फरक टोकाला. साधी दुर्बीण समोर बघते, हिची भिंग, दिवा आणि हत्यारं बाहेर पडायचं भोक, तिन्ही कडेला बसवलेली. कारण शरीररचनेत आहे. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जिथे लहान आतड्यात उघडतात तो काही मिलिमीटरचा उंचवटा, पॅपिला, आतड्याच्या आतल्या भिंतीवर असतो. समोर बघणारी दुर्बीण त्याच्या शेजारून निघून जाते. कडेला बघणारी त्याच्यासमोर उभी राहते.

याची किंमत डॉक्टरला प्रवासात मोजावी लागते. पुढचा रस्ता सरळ दिसत नसताना ही नळी घशातून, अन्ननलिकेतून, जठरातून न्यायची. जठराचं खालचं दार ओलांडताना ते पडद्याच्या तळाशी अर्धवट बुडालेलं दिसलं पाहिजे. या खुणेला जगभरचे एंडोस्कोपीवाले 'मावळता सूर्य' म्हणतात. दार पूर्ण दिसू लागलं, तर दुर्बीण चुकीच्या दिशेला आहे असं समजायचं. आत गेल्यावर नळी फिरवून मागे ओढतात. जठरातला तिचा वळसा सरळ होतो आणि पॅपिला समोर येतो.

खरी कसोटी त्यानंतर. उंचवटा एकच, वाटा दोन. घड्याळाच्या भाषेत पित्ताची वाट अकराच्या दिशेला वर चढते, स्वादुपिंडाची एकच्या दिशेला आत जाते. सव्वाचार मिलिमीटरच्या पोकळीतून सरकवलेली तार नेमकी अकराच्या वाटेला लावायची. तार सरळ बाहेर पडली तर भिंतीला समांतर जाईल, म्हणून भोकाच्या तोंडाशी एक इवलीशी पट्टी असते, एलेव्हेटर. डॉक्टरच्या अंगठ्याखालचा खटका हलला की पट्टी उचलली जाते आणि हत्यार वर वाकतं. शेजारी उभ्या असलेल्या साहाय्यकाच्या हातात तारेचं दुसरं टोक आणि कापणीच्या हत्याराची मूठ असते. 'वायर पुढे', 'थोडा वाकव', 'थांब', एवढ्यावर त्यांचा संवाद. कापायचं हत्यार म्हणजे बारीक प्लास्टिकची नळी. मूठ दाबली की टोकाची उघडी तार धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाते, तिच्यातून वीज सोडून पॅपिलाचं तोंड मोठं करतात. मग खड्याच्या वर छोटा फुगा फुगवून तो खाली ओढायचा. खडा आतड्यात पडतो आणि शौचावाटे निघून जातो. बाहेर बसलेले नातेवाईक खडा बघायला मागतात. दाखवण्यासारखं बहुधा काही नसतं.

हे सगळं चालतं एक्स-रेखाली, शिशाचा जड एप्रन अंगावर चढवून. नळीत आयोडीनयुक्त द्रव सोडला की पडद्यावर तिचा आकार उमटतो. १९६८ मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी पहिल्यांदा असं चित्र मिळवलं, तेव्हा हेतू फक्त बघण्याचा होता. कापून खडा काढण्याची युक्ती १९७४ ची. जपानात कावाई यांनी आणि जर्मनीत क्लासेन-डेमलिंग यांनी ती स्वतंत्रपणे साधली. काही वर्षांनी हॅम्बुर्गच्या निब सोहेंद्रा यांनी बंद नळीत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, बसवला. मुंबईचे डॉ. अमित मायदेव याच सोहेंद्रांकडे शिकले. इथे परतून त्यांनी हे तंत्र रुजवलं, देशोदेशीचे डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला आले. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही दुर्बीण मला आवडते ती तिच्या करामतींपेक्षा तिच्या माघारीमुळे. ईआरसीपीनंतर शंभरात तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, त्यातल्या थोड्यांना ती फार महागात पडते. म्हणून नव्वदच्या दशकात एमआरसीपी आल्यावर नुसतं बघण्यासाठी ईआरसीपी करणं हळूहळू थांबलं. आज चांगला डॉक्टर आत काही करायचं असेल तरच ही दुर्बीण उचलतो. सूज टाळण्यासाठी गुदद्वारात डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथासिनची गोळी ठेवतात. इतक्या किचकट कामातला हा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरा दोष यंत्राच्या बुद्धिमान भागातच दडलेला निघाला. एलेव्हेटरच्या मागच्या फटीत जंतू साठतात आणि नेहमीच्या धुण्याने निघत नाहीत. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रुग्णालयात औषधांना न जुमानणारे जंतू या वाटेने रुग्णांमध्ये पसरल्याचं उघड झालं. त्यानंतर टोकाची टोपी एकदा वापरून फेकायची अशा दुर्बिणी आल्या, पुढे अख्खी दुर्बीणच फेकायची अशाही. आपल्याकडे पैशांमुळे भिस्त अजून ब्रशवर आणि तो ब्रश मारणाऱ्या माणसावर. डॉक्टरची पदवी विचारणाऱ्या नातेवाइकांनी दुर्बीण कोण आणि कशी धुतं हेही विचारायला हरकत नाही.

वसईकरांचा प्रश्न मात्र वेगळाच, विसरलेल्या स्टेंटचा. केसपेपर बंगलीच्या कार्डिनल ग्रेशस रुग्णालयाचा असो की महापालिकेच्या डी. एम. पेटिटचा, गुंतागुंत वाढली की पिशवीत फाइल घालून विरार फास्टने दादर गाठायचं आणि परळला केईएम किंवा टाटा रुग्णालय. दहा फ्रेंच मापाचा, म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिमीटरचा, प्लास्टिक स्टेंट बसतो, काही आठवड्यांत डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो, खाज थांबते. तीन महिन्यांनी बदलायला या, असं कार्डावर लिहिलेलं असतं. पण ज्याला बरं वाटतंय त्याने एक दिवसाची मजुरी बुडवून त्या गर्दीत पुन्हा कशाला चढायचं? मग स्टेंटमध्ये गाळ बसतो, पित्त पुन्हा तुंबतं, आणि रुग्ण थंडीतापाने कुडकुडत अपरात्री रुग्णवाहिकेतून महामार्गाने नेला जातो. तुंबलेल्या पित्तातले जंतू रक्तात उतरले तर तासांचा हिशेब असतो. पित्ताशय काढून घेण्याचंही असंच होतं. नळीतला खडा गेला, दुखणं गेलं, ऑपरेशन राहिलं. खडे बनवणारी पिशवी पोटातच.

गाठ असेल तर दुर्बिणीला आणखी एक पाऊल मागे यावं लागतं. स्वादुपिंडाच्या डोक्याची गाठ काढायची शस्त्रक्रिया, व्हिपल, १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी मांडली. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. शैलेश श्रीखंडे यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी ती आपल्याकडे नित्याची केली. आधी स्टेंट टाकून कावीळ उतरवावी आणि मग ऑपरेशन करावं, असं पूर्वी सगळ्यांनाच पटायचं. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासाने ते उलटं पाडलं. थेट ऑपरेशन झालेल्यांत गंभीर गुंतागुंत ३९ टक्के, आधी स्टेंट टाकलेल्यांत ७४ टक्के. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, फारच चढलेलं असेल, नळीत जंतुसंसर्ग असेल किंवा आधी केमोथेरपी द्यायची असेल, तर स्टेंट हवाच. नाही तर थेट टेबलावर. आणि कोणत्याही परिस्थितीत सीटी स्कॅन स्टेंटच्या आधी. नंतर काढला तर स्टेंटची सावली आणि भोवतीची सूज गाठीची कड झाकून टाकतात, आणि ती रक्तवाहिनीला चिकटली आहे की नाही हे शल्यचिकित्सकाला ठरवता येत नाही.