बटण दाबले, पाणी पायाशी!

होसकोटे म्हटले की व्होल्वोचा कारखाना आठवतो. १९९८ पासून तेथे ट्रक बनू लागले. त्या ट्रकांच्या गर्दीत बंगळूरच्याच सॅन कंपनीची 'स्टॉर्म' म्हणजे चिमणीच! फायबरग्लासची, दोन आसनी, रेनॉचे ११४९ सीसी इंजिन असलेली. पुढचा ट्रक काचेवर चिखल उडवतो, चालक बटण दाबतो आणि पाणी येते पायाशी. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद आंधळे गेले, तर ३३ मीटर रस्ता न बघताच कापला जातो.

दोष बहुधा पंपाचा नसतो. बॉनेटखालच्या उष्णतेने नळी कडक होऊन जोडाशी चिरते. त्यात इकडचे बोअरचे पाणी जड. क्षारांनी तोटी तुंबते, दाब वाढतो आणि जुनी नळी निसटते. म्हणूनच नुसती नळी बदलणे हे अर्धेच काम. तोटीही बारीक सुईने साफ करावी.

एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने बॉनेटखाली पाहावे. चीर टोकाशी असेल तर तेवढा तुकडा कापून टोक गरम पाण्यात बुडवावे, मऊ नळी सहज चढते. नवी हवी तर माशांच्या टाकीची हवेची नळीही चालते, मात्र आतला व्यास जुळायला हवा. चिकटपट्टी गुंडाळून देणारे कारागीरही भेटतात. ती पहिल्याच पावसात सुटते.