लस टोचली, गाठ आली – घाबरू नका!



लसीकरणाची गाडी गावात आली की एक तक्रार हमखास ऐकू येते. "मागच्या खेपेला म्हशीला टोचलं, मानेला गाठ आली, दोन दिवस दूधही कमी दिलं. आता नको बुवा ती लस!" असं म्हणून काही जण जनावर रानात नेऊन बांधतात. आणि पावसाळ्यात घटसर्प आला की रातोरात दावण रिकामी होते. म्हणून ही गाठ कशाची, ते आज नीट समजून घेऊ या.

जुन्या मंडळींना बुळकांडी आठवत असेल. तिची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. तो अंगात वाढायचा, त्यामुळे एकदा टोचलं की वर्षानुवर्षं काळजी नसे. बुळकांडी 2011 साली सगळ्या जगातून हद्दपार झाली. पण घटसर्प आणि लाळ-खुरकूत यांच्या नेहमीच्या लसी मारलेल्या जंतूंच्या असतात. मेलेला चोर वेशीत पडला तर राखणदार बघून पुढे जातो. तिथं कोणीतरी आरडाओरड केली, तरच सारा गाव जागा होतो. लसीत ही आरडाओरड करायला एक मदतनीस घालावा लागतो.

हा मदतनीस सापडला तो घोड्यांमुळे. गास्तों रामों हे फ्रान्समधले पशुवैद्य. पॅरिसजवळ पाश्चर संस्थेच्या तबेल्यात घटसर्पासारख्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या मुलांच्या रोगावर, म्हणजे डिप्थेरियावर, औषध करण्यासाठी ते घोड्यांना टोचत. (माणसाचा हा रोग वेगळा, जनावरांचा वेगळा.) त्यांच्या ध्यानात आलं की ज्या घोड्याला टोचल्या जागी सूज येते, त्याच्या रक्तात रोगाला मारक द्रव्य जास्त तयार होतं. मग 1925 च्या सुमारास त्यांनी मुद्दाम लसीत टॅपिओका मिसळून पाहिला. टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात, त्याचंच पीठ. गुण आला! पुढच्याच वर्षी, 1926 साली, इंग्लंडमध्ये ग्लेनी यांनी तुरटी वापरली. तीही लागू पडली, आणि ॲल्युमिनियमचे क्षार आजही कितीतरी लसींत आहेत. 1938 साली जर्मनीत वाल्डमन आणि क्योब यांनी लाळ-खुरकुताच्या लसीत असाच क्षार घातला.

हा मदतनीस दोन कामं करतो. एक, लस एकदम वाहून न जाता टोचल्या जागी थोडा वेळ टिकते. दोन, तिथं थोडी जळजळ होते आणि रक्तातल्या राखणदार पेशी धावून येतात. ती गाठ म्हणजे हीच गर्दी! तेलात घोटलेली लस तर आणखी सावकाश सुटते. म्हणून घटसर्पाची तुरटीची लस साधारण चार ते सहा महिने पुरते, तर तेलाची नऊ महिने ते वर्षभर. पण तेलाची लस घट्ट असते, टोचायला जड जाते आणि गाठही जरा मोठी येऊ शकते.

संशोधन अजून चालूच आहे. 2021 पासून आपल्यापैकी अनेकांनी घेतलेल्या कोव्हॅक्सिन लसीत ॲल्युमिनियमच्या क्षारालाच राखणदार पेशींना डिवचणारं एक नवं द्रव्य जोडलेलं होतं. सूज कमी आणि ताकद जास्त, असा मदतनीस शोधण्याची ही खटपट आहे.

पण मदतनीस कितीही चांगला असला, तरी पुढची काळजी आपणच घ्यायची:

1. घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. साथ आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

2. लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी घ्या. 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत टोचली जाते. जनावराच्या कानात बिल्ला मारून घ्या.

3. वासराला लाळ-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यानंतर आणि महिन्याभरानं दुसरी. त्याआधी आईच्या चिकातून आलेली ताकदच लसीला अडवते. दुसरी मात्रा चुकवू नका.

4. लस बर्फपेटीत ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठली की तुरटीच्या गुठळ्या होतात, तेल फुटतं आणि लस वाया जाते. उन्हात तर मुळीच ठेवू नका.

5. जनावर आजारी किंवा अगदी अशक्त असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. जंताचं औषध लसीच्या एक-दोन आठवडे आधी पाजा.

6. गाठ दाबू नका, चिरू नका, डागू तर नकाच. ती हळूहळू जिरते. दूधही चार-दोन दिवसांत पूर्ववत होतं. गाठ पिकली, पू झाला किंवा जनावरानं वैरण सोडली, तर मात्र लगेच दवाखाना गाठा. टोचल्यावर थोड्याच वेळात धाप लागली किंवा तोंड सुजलं, तर डॉक्टरांना तिथंच थांबवा.

दोन दिवसांचं लिटर-दोन लिटर दूध एका पारड्यात आणि अख्खी म्हैस दुसऱ्या पारड्यात घालून पाहा. मग गाडी आली की जनावर रानात न्यायचं की दारात बांधायचं, ते तुमचं तुम्हीच ठरवा.