डोळ्यांतील औषध

पावसाळा सुरू झाला म्हणजे गावोगावी डोळे येण्याची साथ पसरते. २०२३ सालच्या जुलै महिन्यात महाराष्ट्रात अशीच मोठी साथ आली होती. आळंदीत तर अनेक शाळकरी मुलांचे डोळे लाल झाले होते. अशा वेळी पुष्कळ घरांतून फडताळात पडलेली औषधाची जुनी बाटली बाहेर निघते आणि तिच्यातील थेंब घरातील सर्वांच्या डोळ्यांत पडू लागतात. परंतु त्या बाटलीतील औषध याच रोगावरचे आहे काय, हे कोणी पाहत नाही.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूस एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्याचा दाह झाला म्हणजे डोळे आले, असे आपण म्हणतो. हा दाह कधी जीवाणूंमुळे, कधी विषाणूंमुळे, तर कधी परागकणांच्या वावड्यामुळे होतो. जीवाणूंमुळे डोळे आले असता बहुधा पिवळसर, घट्ट चिपडे येतात व सकाळी पापण्या चिकटून बसतात. विषाणूंमुळे आले असता पाणीच अधिक वाहते. तथापि, केवळ या खुणांवरून कारण ठरविणे जाणत्यांनाही कठीण जाते. म्हणून डॉक्टरांना दाखविणेच इष्ट होय.

प्रतिजैविक औषध जीवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ रोखते. विषाणूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. २०२३ ची साथ मुख्यतः विषाणूंची होती. तेव्हा तिच्यावर प्रतिजैविकाचे थेंब घालणे म्हणजे कुलूप एकाचे आणि किल्ली दुसऱ्याची, असाच प्रकार होता.

योग्य औषध मिळाले तरी ते घालण्याची रीत आहे. प्रथम हात साबणाने स्वच्छ धुवावेत. चिपडे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजविलेल्या कापसाने पुसावीत. मग मान मागे करून खालची पापणी हलकेच ओढावी व तयार झालेल्या खाचेत एकच थेंब सोडावा. तेथे एका थेंबाहून अधिक औषध मावत नाही. उरलेले गालावरून ओघळून वाया जाते. बाटलीचे टोक पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नये, कारण त्यावाटे जंतू बाटलीत शिरतात. थेंब पडल्यावर एक-दोन मिनिटे डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरावा. तेथून एक बारीक नळी नाकात उतरते. तिच्यातून औषध घशात गेले म्हणजे कडू चव लागते. दुसरे औषधही घालावयाचे असल्यास पाच मिनिटे थांबावे.

डोळ्यांची लाली उतरताच औषध सोडू नये. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस ते घालावे. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवले होते की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट ते औषधाला दाद देईनासे होतात. तसे झाले म्हणजे खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध निकामी ठरते आणि ही हानी एकट्या रोग्याची नसून साऱ्या समाजाची असते.

एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. टॉवेल व उशीही वेगळी असावी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि सामान्यतः महिना उलटल्यावर ती टाकून द्यावी. काही बाटल्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने लाली झटकन उतरते, परंतु रोगजंतूंशी झुंजण्याची डोळ्याची शक्ती मंदावते. फार दिवस वापरल्यास डोळ्यातील दाबही वाढू शकतो. अशा वेळी रोगापेक्षा औषध भयंकर ठरते. मध किंवा काजळ घालण्याचे घरगुती उपायही टाळावेत.

डोळा फार दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे. दृष्टी गेल्यावर ती परत आणणारा थेंब कोणत्याही बाटलीत नसतो.