खंडणी, ओमेर्ता आणि ठग : संघटित गुन्हेगारीच्या स्वरूपासंबंधी

मराठ्यांच्या इतिहासाची साधने वाचणाऱ्यास 'खंडणी' हा शब्द पानोपानी भेटतो. एखाद्या मुलखाने वा शहराने आपली लूट टळावी म्हणून बलवत्तर सत्तेला ठरवून दिलेली रक्कम, असा त्याचा अर्थ. त्याला गुन्ह्याचा वास नाही. आजच्या मराठी वृत्तपत्रात हाच शब्द व्यापाऱ्याला धमकावून उकळलेल्या पैशासाठी येतो. कोशकार याला अर्थाचा अपकर्ष म्हणेल. मला मात्र वाटते की, शब्दाने आपला मूळ व्यवहार सोडलेला नाही. बदलली आहे ती रक्कम घेणाऱ्याची मान्यता. भय निर्माण करणारा आणि त्या भयापासून संरक्षण विकणारा एकच असावा, ही या व्यवहाराची खूण होय.

संघटित गुन्हेगारी म्हणजे पुष्कळांनी मिळून केलेला मोठा गुन्हा, ही समजूत म्हणूनच अपुरी ठरते. दरोडेखोरांची टोळी लूट वाटून घेते आणि पांगते. संघटित गुन्हेगारी पांगत नाही, कारण तिची मिळकत लुटीत नसून धाकात असते. याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण सिसिलीचे आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तेथे विशेष कुतूहल वाटावे असे काही आहे. रिझोत्तो आणि मोस्का यांनी पालेर्मोच्या व्हिकारिया तुरुंगातील कैद्यांवर सिसिलियन बोलीत लिहिलेले नाटक १८६३ साली रंगभूमीवर आले. त्याच्या शीर्षकात 'माफियुसी' हा शब्द होता. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, पालेर्मोच्या प्रीफेक्टच्या सरकारी पत्रात 'माफिया' अवतरली. नाटकाने प्रचारात आणलेले नाव शासनाने उचलले.

१८७६ साली लिओपोल्दो फ्रांकेत्ती आपला मित्र सोन्निनो याच्यासह बेटावर चौकशीसाठी गेला. तेथील हिंसा हा रागाचा वा दारिद्र्याचा उद्रेक नसून भांडवल, श्रमविभागणी आणि व्यवस्थापन असलेला उद्योग आहे, असे त्याने दाखविले. १८१२ साली सरंजामशाही कायद्याने संपली, पण तिच्या जागी विश्वासार्ह न्यायव्यवस्था आली नाही. मग बळ वापरण्याचा सरंजामदारांचा मक्ता ज्याच्या अंगी धमक असेल त्याला मोकळा झाला. पालेर्मोभोवतीच्या लिंबांच्या बागांकडे पाहिले की हे ध्यानात येते. बाग उभारण्यास पैसा आणि वर्षे लागत; पाणी अडवून वा झाडे तोडून ती एका रात्रीत उद्ध्वस्त करता येई. राखणदार कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे बागायतदाराच्या अस्तित्वाचा होता. दिएगो गाम्बेत्ता यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात माफियाची व्याख्या खाजगी संरक्षणाचा धंदा अशी केली, तिची मुळे फ्रांकेत्तीत सापडतात.

परंतु मधल्या काळात विद्वत्तेनेच या विषयावर एक पडदा ओढला. जुझेप्पे पित्रे हा सिसिलीच्या लोकसाहित्याचा अत्यंत परिश्रमी संग्राहक. त्याचे ऋण कोणीही नाकारणार नाही. त्याने असे प्रतिपादन केले की, माफिया ही संघटना नव्हे, ती स्वाभिमानाची एक वृत्ती आहे. माफिया अस्तित्वातच नाही असे म्हणणाऱ्यांना हे मत दीर्घकाळ आधारभूत ठरले. आपल्या प्रदेशाची बदनामी टाळण्याच्या ओढीने लोकसाहित्याचा अभ्यासक काय करून बसतो, हे आपणही विसरू नये! १९८४ साली तोम्माझो बुशेत्ता याने न्यायाधीश फाल्कोने यांच्यासमोर जबानी दिली, तेव्हा त्यानेही 'माफिया' ही साहित्यिकांची निर्मिती असल्याचे सांगितले. फरक एवढाच की, त्याने लगेच खरे नावही सांगितले : 'कोझा नोस्त्रा', म्हणजे 'आपली गोष्ट'.

इटलीच्या दंडसंहितेत माफियाला जागा मिळाली ती १९८२ मध्ये. विधेयक सुचविणारे पिओ ला तोर्रे यांची ३० एप्रिलला आणि प्रीफेक्ट दाल्ला किएझा यांची ३ सप्टेंबरला पालेर्मोत हत्या झाली. १३ सप्टेंबरला कायदा झाला. संघटनेच्या बंधातून उत्पन्न होणारा धाक आणि त्यातून येणारी पराधीनता व 'ओमेर्ता', हे त्यातील व्याख्येचे मर्म. ओमेर्ता म्हणजे मौनाचा दंडक. दक्षिणेकडचा हा लोकव्यवहारातला शब्द दंडसंहितेत जसाच्या तसा आला, कारण त्याला पर्याय नव्हता. याच पायावर १८८६ नव्हे, शतकभर उशिरा, १९८६ मध्ये ४७५ आरोपींचा महाखटला उभा राहिला. त्यातील मुख्य निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९२ मध्ये कायम केले; २३ मे रोजी फाल्कोने मारले गेले.

जागतिक प्रसाराचा विचार करताना माल आणि धाक यांत भेद करावा लागतो. माल सहज प्रवास करतो : १९७० च्या दशकात पूर्वेकडून आलेले मॉर्फिन सिसिलीत शुद्ध होऊन हेरॉइनच्या रूपाने अमेरिकेत विकले जाई. धाक मात्र ओळखीच्या माणसांत, ओळखीच्या गल्लीतच चालतो. तो परमुलखात रुजविणे कठीण, असे फेदेरिको वारेझे यांनी २०११ मध्ये दाखविले आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी जर्मनीतील डुइसबुर्ग येथे सहा जण ठार झाले. वैर होते कालाब्रियातील सान लूका या लहानशा गावातले. २००० सालच्या पालेर्मो येथील संयुक्त राष्ट्रांच्या कराराने मात्र व्याख्या तीन वा अधिक व्यक्ती, गंभीर गुन्हा आणि आर्थिक लाभ एवढ्यावर आणली. सर्व राष्ट्रांना पटावी म्हणून ती सैल झाली आणि मौन तिच्यातून निसटले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात, लोकभाषेतील 'मोक्का'त, निदान हिंसा आणि धाकदपटशा यांचा उल्लेख आहे.

सिसिलीत नाव उशिरा लागले. आपल्याकडे उलट घडले. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरविले. इटलीचा कायदाही सदस्यत्वाला शिक्षा देतो, पण प्रत्यक्ष वापरलेल्या धाकाचा पुरावा मागतो. वसाहतीच्या सरकारने १८७१ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकून सबंध जमातींनाच गुन्हेगार म्हणून नोंदविण्याची सोय केली. संघटनेची जागा जन्माने घेतली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे नाव 'उचल्या' आहे. तो शब्द चोरीचा आरोप आहे, आणि लेखकाच्या जमातीचे नावही तेच आहे.