वायल्डर साहेबांचा रविवार

कोल्हापूरकरांनो, वायल्डर मेमोरियल चर्चचं नाव ऐकलंय, पण हे वायल्डर कोण? रॉयल वायल्डर, अमेरिकन मिशनरी. १८५२ मध्ये सपत्नीक इथं आले, शाळा काढल्या. अशा मिशनऱ्यांच्या आठवड्यातला महत्त्वाचा दिवस म्हणजे शब्बाथ: कामं बंद, देवाची भक्ती. यहुदी तो शनिवारी पाळतात. म्हणून कोकणातले तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल यहुदी 'शनवार तेली' झाले. मिशनऱ्यांचा शब्बाथ रविवारी.

परमुलखात नेमानं केलेल्या भक्तीचं फळ, माझ्या मते, आधी वायल्डरांच्या घरातच दिसलं. १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला मुलगा रॉबर्ट पुढे विद्यार्थी मिशन चळवळीचा प्रणेता ठरला. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर तरुणांनी परदेशी सेवेची तयारी दाखवली, त्यामागे तो होता. मुलगी ग्रेसही मिशनरी होऊन भारतात परतली. ही गोष्ट कोल्हापुरातच फारशी कुणाला ठाऊक नाही, याचं नवल वाटतं!

रविवारची ती भक्ती आजही चालते: आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पेटी-तबल्यावर कवी ना. वा. टिळकांची गीतं अजून रंगतात. कापणीच्या सणाला लोक शेतातली भाजी, अंडी, कोंबडीसुद्धा अर्पण करतात. भक्तीनंतर लिलाव; मेथीची साधी पेंडी शंभरावर जाते, पैसा चर्चच्या कामाला. ख्रिस्ती शेजारी असेल तर एकदा सोबत जाच, आणि खिशात सुट्टे ठेवा.