'इफडेफ' आणि सुवाह्यतेचा गैरसमज

सी भाषेतील प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स, मॅकओएस अशा भिन्न कार्यप्रणालींवर चालावा यासाठी प्रत्येक प्रणालीच्या नावाने एकेक 'इफडेफ' घातला की तो सुवाह्य झाला, हा समज विद्यार्थ्यांपासून अनुभवी प्रोग्रॅमरपर्यंत इतका रुजला आहे की तो कितीदाही खोडला तरी नव्या कोडमध्ये पुन्हा उगवतो.

'इफडेफ' ही प्रीप्रोसेसरला, म्हणजे कंपाइल होण्यापूर्वी मूळ मजकुरावर काम करणाऱ्या टप्प्याला, दिलेली सूचना असून एखाद्या नावाचा मॅक्रो व्याख्यित असेल तर पुढील ओळी ठेवायच्या आणि नसेल तर गाळायच्या, एवढाच तिचा अर्थ होतो. हवे असलेले फंक्शन त्या प्रणालीवर उपलब्ध आहे की नाही, हे ती तपासत नाही. मर्यादित जागेत स्ट्रिंग उतरवणारे 'स्ट्रएलकॉपी' हे फंक्शन ओपनबीएसडीने १९९८ मध्ये आणले. ग्लिबसी या लिनक्सवरील प्रचलित सी लायब्ररीत ते दीर्घकाळ नव्हते, म्हणून 'लिनक्स असेल तर स्वतःची व्याख्या वापरा' अशी अट लिहिणे सोयीचे वाटे. परंतु अँड्रॉइडवरही लिनक्सचाच मॅक्रो व्याख्यित असतो आणि तेथील लायब्ररीत हे फंक्शन आहे. शिवाय २०२३ मध्ये ग्लिबसीच्या २.३८ आवृत्तीने ते स्वीकारल्यावर स्थानिक व्याख्या आणि लायब्ररीतील घोषणा यांचा संघर्ष होऊन जुना कोड कंपाइल होईनासा होऊ शकतो. प्रणालीच्या नावावरून तिची क्षमता गृहीत धरणे, हीच येथील मूळ चूक होय.

१९९१ पासून विकसित झालेले ऑटोकॉन्फ हे साधन म्हणूनच नाव न विचारता छोटा चाचणी-प्रोग्रॅम कंपाइल आणि लिंक करून पाहते आणि निष्कर्ष हेडर फाइलमध्ये नोंदवते. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कोलियर यांनी १९९२ च्या युझनिक्स परिषदेतील निबंधात सुवाह्यतेसाठी 'इफडेफ'चा सढळ वापर हानिकारक ठरवला होता, आणि लिनक्स कर्नलची लेखनसंहिताही शक्य तेथे अशा अटी सी फाइलींत न ठेवता हेडरमध्ये ठेवण्यास सांगते.

अन्य गैरसमज थोडक्यात असे:

'विन३२' हा मॅक्रो केवळ ३२-बिट विंडोजसाठी असतो, हे चूक. ६४-बिट विंडोजसाठी कंपाइल करतानाही तो व्याख्यित असतो.

'इफ' अटीत मॅक्रोचे नाव चुकल्यास कंपायलर त्रुटी दाखवतोच असे नाही. अव्याख्यित नावाचे मूल्य निमूटपणे शून्य धरले जाते.

'लाँग' सर्वत्र सारखा नसतो. तो ६४-बिट लिनक्सवर ६४ बिटांचा, तर ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचा असतो, आणि सी९९ मधील निश्चित रुंदीचे प्रकार वापरल्यास येथे अटीची गरजच उरत नाही.

एका प्रणालीवर कोड कंपाइल झाला म्हणजे सर्व शाखा निर्दोष ठरल्या, हेही खरे नाही, कारण गाळलेल्या शाखेचा अर्थ कंपायलर तपासतच नाही. म्हणून प्रणालीभेद एका पातळ स्तरात एकवटून तो स्तर प्रत्येक प्रणालीवर प्रत्यक्ष कंपाइल करून आणि चालवून पाहणे अनिवार्य आहे.